जोशुआच्या फुलातली करडी मादी

(अंधार. वाऱ्याचा आवाज. हळूहळू एका फुलाची आतली बाजू दिसू लागते.)

आपण जोशुआ वृक्षाच्या एका फुलाच्या आत आहोत. भोवतीच्या पाकळ्या जाडजूड, मेणचट, हिरवट पांढऱ्या. फूल पुरतं उमललेलं नाही, आणि याहून फारसं उमलणारही नाही. पाकळ्यांच्या टोकांमध्ये एक अरुंद फट आहे. त्या फटीतून आत्ता एक करडं डोकं आत सरकतंय.

ही पतंगाची मादी. पंख मिटून बसली तर लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. रंग राखाडी, काळपटाकडे झुकणारा. उडताना दिसली तर एखादी बारकी गांधीलमाशी वाटावी. तिच्या डोक्याखाली बघा. गळ्याशी गाठोडं धरावं तसा एक पिवळसर गोळा तिनं धरलाय. तो परागांचा आहे, आणि तो तिनं दुसऱ्या फुलांमधून खरवडून, वळून, इथवर वाहून आणलाय.

आत आल्यावर ती लगेच कामाला लागत नाही. फिरते, मिशांनी चाचपते. तिच्या एका पांढऱ्या नातलग जातीत असं दिसून आलंय, की आधी येऊन गेलेली मादी फुलावर आपला वास ठेवून जाते, आणि असा वास आला की नंतर येणाऱ्या माद्या त्या फुलात अंडी घालताना हात आखडता घेतात.

मग ती फुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या स्त्रीकेसरावर चढते. पोटाच्या टोकातून अंडी घालायची नळी बाहेर काढते. नळी सुईसारखी बारीक आणि धारदार आहे. ती स्त्रीकेसराच्या मानेत खुपसते, आतल्या आत खाली सरकवत नेते आणि जिथे पुढे बिया धरणार, त्या बीजांडांपाशी अंडं ठेवते.

एवढं झाल्यावर ती निघून जाऊ शकली असती. अंडं घातलं, काम झालं.

पण ती वर चढते, स्त्रीकेसराच्या अगदी टोकाला, कुक्षीपाशी. तिथे तिच्या तोंडाजवळची दोन लांब, वाकडी सोंडेसारखी बोटं उलगडतात. ती गोळ्यातून थोडे पराग ओढतात आणि कुक्षीच्या खाचेत दाबतात. पुन्हा ओढतात, पुन्हा दाबतात. तिचं डोकं खाली-वर होत राहतं, उखळात कांडावं तसं.

(इथे काही क्षण निवेदन थांबतं. फक्त ती हालचाल.)

मधमाशी फुलात येते ती मकरंदासाठी. पराग तिच्या अंगाला चिकटतात, पुढच्या फुलात सांडतात, आणि परागीभवन होऊन जातं. इथे ते होऊन जात नाही, केलं जातं. अंजिराच्या काही चिलटाएवढ्या गांधीलमाश्या आणि पतंगांच्या आणखी काही जाती सोडल्या, तर मुद्दाम पराग गोळा करून ते कुक्षीवर नेऊन बसवणारा कीटक तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. आणि ती तोंडाजवळची बोटं तर युक्का पतंगांच्या, म्हणजे युक्का नावाच्या झाडांवर जगणाऱ्या हिच्या घराण्यातल्या, मादीलाच असतात. त्यांच्या नरालाही नाहीत. पराग गोळा करताना ती याच बोटांनी परागकोश खरवडते. युक्का पतंगांच्या एका गोळ्यात दहा हजारांपर्यंत परागकण भरू शकतात, आणि त्याचं वजन मादीच्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्शापर्यंत जातं. एवढं ओझं घेऊन ती उडते.

स्वतःसाठी ती यातलं काहीही खात नाही. पंख फुटल्यावर हे पतंग खातपीत नाहीत. त्यांच्या हाती असतात ते मोजके दिवस.

(दृश्य बदलतं. विस्तीर्ण वाळवंट, आणि त्यात हात वर करून उभी असल्यासारखी झाडं.)

हे मोहावीचं वाळवंट. अमेरिकेच्या नैऋत्येला कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या चार राज्यांत पसरलेलं. उन्हाळ्यात भाजून काढणारं, हिवाळ्यात रात्री गोठवणारं. आणि ही झाडं म्हणजे जोशुआ वृक्ष. युक्काच्या कुळातली, पण युक्का म्हटल्यावर कुंडीतलं जे रोप आठवतं त्यापेक्षा कितीतरी उंच. फांद्यांच्या टोकाला खंजिरासारख्या पानांचे झुबके, खाली वाळलेल्या पानांचं खरखरीत अस्तर.

१८४४ मध्ये जॉन फ्रेमाँट हा संशोधक-प्रवासी या भागातून गेला. त्यानं या झाडाची नोंद वनस्पतींच्या साऱ्या जगातलं सर्वांत किळसवाणं झाड अशी करून ठेवली. मला ते पटत नाही. ज्याला वर्षाला काही सेंटिमीटर वाढण्याइतकंच पाणी मिळतं, त्याच्या देहाला सरळपणाची हौस परवडत नाही. फांदीच्या टोकाला फुलोरा आला किंवा किड्यानं तिथला कोंब पोखरला, की वाढ थांबते आणि बाजूनं नवी फांदी निघते. म्हणजे या झाडाचं प्रत्येक वळण ही एक नोंद आहे. इथे कधीतरी फुलं आली होती, किंवा इथे घाव बसला होता. खोडात वर्षावलयं नसल्यानं वय मोजणं अवघड. पण शेकडो वर्षांची झाडं या वाळवंटात उभी आहेत.

फुलोरा दरवर्षी येत नाही. पाऊस आणि थंडी यांचं जमून यावं लागतं. जमलं, तर हिवाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांवर दीड-दोन विती लांबीचे घोस दिसू लागतात. वास मात्र गोड नाही; ओल्या अळंब्यांसारखा, थोडा उग्र. मकरंद जवळजवळ नाहीच. मधमाश्यांना, भुंग्यांना बोलवावं असं या फुलात फारसं काही नाही. या झाडाला बी धरायचं असेल, तर त्या करड्या मादीनंच यायला हवं.

आणि तिलाही दुसरीकडे जायला जागा नाही. तिच्या अळ्या या झाडाच्या बियांखेरीज काही खात नाहीत.

(जुनी पानं, पिवळी पडलेली रेखाटनं.)

हा सगळा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तो इथे नाही, तर सेंट लुईस शहरात, एका बागेतल्या साध्या युक्कावर. डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांना तिथल्या फुलांमध्ये पांढरे पतंग दिसत होते. त्यांनी मिझुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांना लक्ष घालायला सांगितलं. रायली यांनी १८७२ पासून रात्री-रात्री ते पतंग पाहिले आणि मादी पराग गोळा करते, वाहते आणि कुक्षीवर ठेवते, हे लिहून काढलं. १८७४ मध्ये डार्विन यांनी आपले वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात याला परागीभवनाचं आजवर प्रसिद्ध झालेलं सर्वांत अद्भुत उदाहरण म्हटलं.

सगळ्यांना ते पटलं असं मात्र नाही. काही जणांनी युक्कावरचे पतंग पकडले, भिंगाखाली पाहिले, तर तोंडाजवळ बोटं नाहीत! रायली चुकले, असं ते म्हणू लागले. झालं होतं असं, की त्याच झाडावर दुसऱ्या एका जातीचे पतंगही राहतात. दिसायला सारखे, घराणं तेच, पण परागांना हात न लावणारे. त्यांच्या अळ्या फुलोऱ्याच्या दांड्यात किंवा फळाच्या गरात वाढतात. दुसऱ्यांनी केलेल्या परागीभवनावर ते निवांत जगतात. रायली यांनी हा घोटाळा उलगडला आणि १८८० मध्ये त्या तोतयाला नाव दिलं प्रोडॉक्सस डेसिपियन्स. लॅटिनमध्ये डेसिपियन्स म्हणजे फसवणारा. जोशुआ वृक्षावरही असे तोतये आहेत, आजही.

आपण फुलात पाहिलेल्या मादीच्या जातीलाही रायली यांनीच नाव दिलं, १८९२ मध्ये: टेगेटिक्युला सिंथेटिका. बाकीचे बहुतेक युक्का पतंग पांढरे. पांढऱ्या फुलात बसले की दिसेनासे होणारे. हीच काय ती काळपट. त्यानंतर शंभरावर वर्षं सगळे असंच समजत होते, की जोशुआ वृक्ष एक आणि त्याचा पतंगही एकच.

(नकाशा. डेथ व्हॅली या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन रंग.)

२००३ मध्ये ते बदललं. पूर्वेकडच्या झाडांवरचे पतंग आकारानं लहान आहेत आणि त्यांची अंडी घालायची नळीही आखूड आहे, हे ध्यानात आलं. ती वेगळी जात ठरली. नाव ठेवलं टेगेटिक्युला अँटिथेटिका. मग झाडांकडे पुन्हा पाहिलं गेलं. पश्चिमेकडची झाडं उंच खोडाची, तर पूर्वेकडची बुटकी, खालपासूनच फांद्या फुटलेली. पण खरा फरक फुलाच्या आत होता. पूर्वेकडच्या फुलातली स्त्रीकेसराची मान आखूड, पश्चिमेकडची लांब.

आता ती मादी आठवा, नळी मानेतून खाली सरकवत नेणारी. बीजांडापर्यंत पोचायला नळी तेवढ्याच लांबीची हवी. लांब मानेच्या फुलावर लांब नळीची मादी, आखूड मानेच्या फुलावर आखूड नळीची. आज पश्चिमेकडच्या झाडाला युक्का ब्रेव्हिफोलिया आणि पूर्वेकडच्याला युक्का येगेरियाना अशा दोन वेगळ्या जाती मानतात. युक्का आणि त्यांचे पतंग यांची सोबत डीएनएवरून सुमारे ४ कोटी वर्षांची असावी असा अंदाज आहे.

दोन्हींच्या मध्ये साधारणपणे डेथ व्हॅली आहे. पण नेवाडाच्या दक्षिणेत टिकाबू नावाचं एक खोरं आहे, तिथे दोन्ही झाडं शेजारी-शेजारी उभी आहेत. दोन्ही पतंगही त्याच हवेत उडतात. परक्या झाडावर कधीकधी जातातही. पण आपापल्या झाडावर त्यांचं जेवढं साधतं, तेवढं परक्या झाडावर साधत नाही. माणसानं नकाशावर कधी रेघ ओढली नव्हती. ती त्या खोऱ्यात फुलांच्या आत मिलिमीटरच्या फरकानं ओढलेली आहे.

(हिरवं फळ. चाकूनं उभं चिरलेलं.)

फळाच्या आत चपट्या काळ्या बिया, नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या. या चळतीत एके ठिकाणी भुगा दिसतो. तिथे अळी आहे. अंड्यातून निघाल्यापासून ती याच रांगेत पुढे सरकत बिया खाते आहे. तिच्या वाट्याच्या थोड्या बिया जातात, उरलेल्या शाबूत राहतात. झाडानं दिलेली ही मजुरीच म्हणायची.

मग मजुरीहून जास्त कोणी का उचलत नाही? मादी एकाच फुलात खच्चून अंडी का घालत नाही? युक्काच्या दुसऱ्या एका जातीवर याचं उत्तर मिळालं, १९९४ मध्ये. ज्या फुलात फार अंडी, ती फुलं झाड गाळून टाकतं. फूल पडलं की आतल्या अळ्याही गेल्या. झाडाकडे ना डोळे, ना मेंदू, पण हिशेब चोख.

पोटभर खाऊन झालं की अळी फळाला टाचणीएवढं भोक पाडते आणि बाहेर पडते. जमिनीत शिरते, रेशीम आणि वाळू यांचा कोष करून त्यात मुडपून बसते. खाली वाळू चटके देते, वर हिवाळा येतो-जातो. पुढच्या वसंतात फुलोरा आला, तर पतंग होऊन वर यायचं. नाही आला तर?

नाही आला, तर थांबायचं. या घराण्याला थांबणं येतं. वर सांगितलेल्या तोतयांच्याच प्रोडॉक्सस वंशातल्या एका जातीचे कोष प्रयोगशाळेत ठेवले होते. त्यातून ३० वर्षांनी जिवंत पतंग बाहेर पडले. तीस वर्षं, न खाता, न हलता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा छपाईत चुकलाय असं वाटून परत वाचला होता.

(डोंगरउतार. खालपासून वरपर्यंत विरळ होत जाणारी झाडं.)

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी ही चित्रफीत करावीशी वाटली.

पतंगाचा मुलूख म्हणजे झाडाचा मुलूख, असंच कोणीही म्हणेल. पण तो झाडाच्या मुलखाहून लहान आहे. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांनी सुमारे १,००० ते २,२०० मीटर उंचीपर्यंतच्या उतारांवर झाडं आणि पतंग दोन्ही मोजले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधल्या पट्ट्यात पतंग भरपूर, फळं भरपूर, बिया भरपूर. खाली उष्ण टोकाला सगळंच रोडावलेलं. आणि अगदी वरच्या थंड टोकाला झाडं होती, पण पतंग नव्हते. तिथली झाडं मुळांपासून फुटवे काढून आपलीच नक्कल उभी करत होती. बी नाही.

दुरून तो उतार पाहणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. झाडं हिरवी आहेत, ताठ आहेत. जोशुआ वृक्ष दीडशे वर्षं सहज उभा राहतो, पतंग मोजके दिवस. पतंग नाहीसा झाल्यावरही झाड कित्येक पिढ्या तसंच उभं राहील. रान जिवंत आहे की नुसतं उभं आहे, हे खोडाकडे बघून सांगता येत नाही.

आणि झाडाला जागा बदलायची म्हटली, तर बी लागतं. हवा तापत चालली तसं थंड उंचीकडे सरकायला हवं. पण वर पतंग नाही. एके काळी हे फळ खाऊन लांबवर बिया नेणारा प्राणी होता: शास्टा ग्राउंड स्लॉथ, जमिनीवर चालणारा अजस्र आळशी प्राणी. लास व्हेगासजवळच्या जिप्सम गुहेत त्याची सुकलेली विष्ठा सापडली, तिच्यात जोशुआच्या बिया आणि पानं. तो दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झाला. आता बिया नेतात त्या खारी आणि कांगारू उंदीर. थोड्या अंतरावर पुरून ठेवतात, काही विसरतात. त्या विसरण्यावर पुढची पिढी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. वसंताला बरेच महिने असताना काही भागांतली झाडं भलत्याच वेळी फुलली. फुलोरा बघायला लोक गाड्या थांबवत होते. पण झाडाचं घड्याळ आणि वाळूखालच्या कोषाचं घड्याळ एकाच वेळी वाजलं, तरच त्या फुलांना अर्थ.

(जळालेलं रान. काळी खोडं.)

हा सीमा डोम नावाचा घुमटासारखा उंचवटा, मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रातला, पूर्वेकडच्या जातीचा मोठा बालेकिल्ला. ऑगस्ट २०२० मध्ये इथे वीज पडली आणि सुमारे ४३,००० एकर जळाले. अंदाजे १३ लाख जोशुआ वृक्ष गेले. आग पसरायला मोठा हातभार लागला तो बाहेरून आलेल्या गवताचा. पूर्वी झाडाझाडांमध्ये उघडी वाळू असायची, आग तिथेच विझायची. आता मधल्या जागा वाळल्या गवतानं भरल्यात.

स्वयंसेवकांनी तिथे रोपं लावली. गाडी जाऊ शकत नाही अशा जागी पाणी आणि सामान न्यायला उंट आणले. त्यातली बरीच रोपं जगली नाहीत. जी जगली त्यांना पहिला फुलोरा येईपर्यंत कित्येक दशकं जातील. तो आला की त्या फुलात शिरायला कोणीतरी हवं. ती मादी मग कुठून तरी, जिथे आग पोचली नव्हती अशा एखाद्या कोपऱ्यातून, डोक्याखाली पिवळा गोळा धरून उडत यावी लागेल.

कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये पश्चिमेकडच्या जोशुआ वृक्षाला कायद्याचं संरक्षण मिळालं. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हलवता येत नाही. चांगलं झालं. फक्त झाड मोजताना फळंही बघितली जावीत, एवढंच मला वाटतं.

कारण फळावरून कळतं.

(वाळलेलं, तपकिरी फळ, तळहातावर. कॅमेरा जवळ जातो.)

हे मधल्या उंचीवरचं फळ आहे. हलवलं की आत बिया वाजतात. खालच्या बाजूला बघा, बोट ठेवलंय तिथे. टाचणीएवढं, गोल, कडेनं स्वच्छ भोक. इथून ती बाहेर पडली. आपण उभे आहोत त्याच वाळूखाली ती कुठेतरी असेल.

(फळ परत जमिनीवर, जिथून उचललं होतं तिथेच, ठेवलं जातं. वाऱ्याचा आवाज.)